कोसाकबुवा

दर्यापूरच्या बाजारात एकदा पुस्तकांची मोटार आली.
बापानं अडीच रुपयांत घेतलं
कोसाकांच्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक,
कारण कागद चांगला होता
आणि मापं लिहायला समास रुंद.
आजही एका सरदाराच्या मिशीशेजारी
चंपत पाटलाची छाती आहे: छत्तीस, सैल.

जागलीवर वाचायचा तो.
ज्वारीत रानडुकरं उतरायची,
मचाणाखाली पऱ्हाट्यांचा जाळ,
उकंडा कोतवाल, पैकूजी, झिबल धनगर,
आणि मी, कंदील धरायला.

"कोसाक म्हंजे कोन्ती जात, शिंपीबुवा?"
बापानं पान उलटून पाहिलं. मागेही काही नव्हतं.
"घोळ्यावरची," म्हणाला.
तेवढं पुरलं.
त्यांची नदी पूर्णा झाली.
त्यांचं ते झाडाविना पसरलेलं रान तर आमचंच,
खारपाणपट्ट्याचं,
जिथं विहीर खणावी तर मीठ लागतं
आणि गोडं पाणी बैलगाडीनं तीन कोसांवरून येतं.
त्यांच्या विहिरीतल्या चेटकिणीला पैकूजीनं लगेच ओळखलं:
"हे तं आपली आसरा. थंडीचा कोट घातला फक्त."
सैतानाला शेपूट असते, हे मात्र कुणी मानलं नाही.
चकव्याले काऊन लागते शेपूट?
झिबलला तो चारदा भेटला होता,
पहाटेपर्यंत एकाच बाभळीभोवती फिरवून
शेवटी बिडी मागितली त्यानं.

गोष्टींत पोरं लढाईवर जात.
एका गोष्टीत घोडंच परतलं एकटं,
रिकाम्या खोगिरानं अंगणात उभं राहिलं.
बाप पुढं वाचत गेला, लग्नाचं, दारूचं.
शिदोरी घेऊन आलेली उकंडाची गेंदाबाई
अंधारातून म्हणाली, "थांबा.
त्याच्या मायनं काय केलं?"
बाप मागं गेला, ओळींवरून बोट फिरवलं.
"मायचं लिहेल नाई."
"अन् घोळ्याले पानी कोनं पाजलं?"
तेही नव्हतं.

तिचा देवराव फौजेत होता.
दिवाळीपासून कार्ड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या टोकाला,
नदीकडून वाट चढते तिथं,
तिनं दगड रोवला, घोडं बांधता येईल असा,
आणि त्याच्यापाशी गोड्या पाण्याची बादली.
घरात चार हंडे. त्यातून एक बादली. रोज.
उकंडा भांडला. मग कुत्री तोंड घालतात म्हणून
बादलीला झाकण करून आणलं.
"घोळं झाकन कसं काहाडन?" ती म्हणाली.

देवराव परत आला, हे सांगायचं राहिलंच.
तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, येष्टीनं,
डोक्यावर लोखंडी ट्रंक.
आता बादली थांबेल असं गावाला वाटलं.
गेंदाबाई म्हणाली,
"हा आला. थो याचाच हाये."

शेंदूर पुढं कुणी लावला ठाऊक नाही.
आता ओटा आहे, वर पत्रे,
चैत्रात कोसाकबुवाची जत्रा.
नवसाला नारळ चालत नाही,
गोडं पाणी लागतं, तेही डोक्यावरून आणलेलं,
नळयोजना झाली तरी.
सून रुसून गेली, बैल सुटला, मोटारसायकल चोरीला गेली,
बुवा परत आणतो.
मोटारसायकल एकदाच आणली.

परवा अमरावतीहून एक पोरगी आली वही घेऊन.
दैवत कुठलं, कूळ कुठलं, किती जुनं.
देवरावचा नातू म्हणाला,
"नदीपल्याळचा. पनज्याच्या जागलीवर यायचा."
तिनं लिहून घेतलं.
मग माझ्या दुकानात आली.
मशीनच्या खणात पुस्तक होतं, गुडघ्याला लागत होतं.
"व्हय," मी म्हटलं, "लय जुना हाये,"
आणि दोरा दातानं तोडला.

दगडाच्या अंगावरचा तो लांब कोट
कोण शिवतं दरवर्षी, हे तिनं विचारलं नाही.
माप रिकाम्या घोड्याच्याच पानावर आहे:
छाती बावन्न. बाह्या नाहीत.